सी किंग, मुक्काम पोस्ट भंडारा

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसच्या लिफ्टमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो. वीकेंडला काय?

मी म्हटलं, भंडारा.

"वॉव! काजवे बघायला?"

बाई गं, ते भंडारदरा. आणि काजवे पावसाच्या तोंडावर. आत्ता नोव्हेंबर संपत आलाय. मी चाललोय भंडाऱ्याला, नागपूरच्याही पुढे साठ-पासष्ट किलोमीटर. "तिथे काय आहे पण?" खरं उत्तर दिलं असतं तर ग्राउंड फ्लोअरपर्यंत सगळे हसत राहिले असते. म्हणून 'एक काम आहे' म्हणून सटकलो.

खरं उत्तर असं होतं की, मी समुद्रात बुडी मारायचं घड्याळ शोधायला चाललो होतो. कुठल्याही दिशेला गेलं तरी समुद्र शेकडो किलोमीटर लांब असलेल्या जिल्ह्यात!

आता जरा या वेडाबद्दल. कुणाला बाइक्स लागतात, कुणाला स्नीकर्स, मला जुनी डायव्हिंग वॉचेस. याची सुरुवात साधारण १९५३ पासून धरतात. रोलेक्सची सबमरीनर आणि ब्लांपांची फिफ्टी फॅदम्स, दोन्ही त्याच वर्षीच्या. फिफ्टी फॅदम्स तर फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्यांनी वापरली. पाठीवर हवेची टाकी घेऊन खाली गेलेल्या माणसाला एकच गोष्ट कळायला हवी असते, उतरून किती मिनिटं झाली. म्हणून काचेभोवती फिरणारं कडं. उतरताना कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, बस्स. पुढे हे कडं एकाच दिशेला फिरेल असं करण्यात आलं. का? तर कुठे धक्का लागून सरकलंच, तरी ते 'जास्त वेळ झाला' असंच दाखवेल, 'कमी झाला' असं कधीच नाही. एका बाजूच्या चुकीत माणूस लवकर वर येतो, दुसऱ्या बाजूच्या चुकीत येतच नाही. इतका साधा विचार, पण मला तो कळला तेव्हा अंगावर काटा आला होता.

१९६२ साली 'डॉ. नो'मध्ये शॉन कॉनरीच्या मनगटावर सबमरीनर दिसली आणि हे कामगारी घड्याळ स्टायलिश झालं. आज आपण ते घालून एसीत बसतो आणि कडं फिरवून मॅगीची दोन मिनिटं मोजतो. चालायचंच.

या घड्याळांमधली अस्सल, न छेडलेली मात्र मिळत नाहीत. कारण ती वापरायला केलेली होती. आपटली, खरचटली, खाऱ्या पाण्यानं खाल्ली, दुरुस्त झाली, काटे बदलले, डायल बदलली. त्यामुळे कलेक्टर लोक जीव टाकतात ते मूळ डायलवर. अंधारात चमकणारे ठिपके पिवळे पडलेत? उत्तम. डायलवर डाग आहेत? असू देत. पण कुणी हात लावलेला नको.

माझी नजर दोन वर्षं एकाच नावावर होती. फेवर ल्युबा.

आजोबांच्या लग्नातलं नाव

हे नाव तुमच्या घरात कुणाला तरी नक्की माहीत असेल. विचारून बघा. कंपनी स्विस, १७३७ पासूनची परंपरा सांगणारी. पण १८६५ च्या सुमाराला तिचा एक वारसदार हिंदुस्थानात पोचला, मुंबईत बस्तान बसलं आणि पुढची शंभर वर्षं आपल्याकडच्या मध्यमवर्गाला स्विस घड्याळ म्हटलं की हेच आठवायचं. सी चीफ, सी किंग ही त्यांची लाडकी मॉडेल्स. नंतर बाहेरच्या घड्याळांच्या आयातीवर बंधनं आली, १९६१ पासून एचएमटीची देशी घड्याळं आली, आणि फेवर ल्युबा ही कपाटात जपून ठेवायची वस्तू झाली.

याच कंपनीनं १९६४ मध्ये डीप ब्लू नावाचं डायव्हिंग वॉच काढलं, आणि १९६८ मध्ये बाथी. बाथीमध्ये बॅटरी नाही, चिप नाही, आणि तरी एक काटा तुम्ही किती मीटर खाली आहात ते दाखवायचा! पाण्याचा दाब घड्याळाच्या पाठीतून आत पोचायचा आणि त्या दाबानं काटा सरकायचा. जगभरच्या कलेक्टरांच्या यादीत ही दोन्ही आहेत, आणि चांगल्या स्थितीतली असतील तर किंमत लाखांत जाते. (२०११ मध्ये आपल्या टायटननं हा ब्रँड विकत घेतला होता, २०२३ मध्ये तो पुढे दुसऱ्यांकडे गेला. २०२४ मध्ये नवी डीप ब्लूसुद्धा आली. पण नवी ती नवी.)

तर, आमच्या टीममध्ये भंडाऱ्याचा एक मुलगा आहे. ऑफिसात त्याला आम्ही 'भंडारा' म्हणतो आणि जेवणाच्या सुट्टीत त्यावरून व्हायचे ते सगळे विनोद होऊन गेलेत. एकदा माझ्या मनगटावरचं सेको बघून तो म्हणाला, "बाबांचं पण असं पाण्यातलं घड्याळ होतं. ते घालून तलावात उतरायचे."

मी डबा बाजूला ठेवला.

दोन दिवसांनी त्यानं फोटो दाखवला. आईकडून मागवलेला, हललेला, कडा कापलेला. गडद डायल. वरच्या ओळीत 'फेवर ल्युबा' वाचता येत होतं. खालच्या ओळीत दोन छोटे शब्द, पूर्ण धूसर. दोन छोटे शब्द! डीप ब्लू. डोळ्यांना हवं ते दिसतं म्हणतात ना, तसं.

"विकायचंय का?" मी शक्य तितक्या कंटाळलेल्या आवाजात विचारलं.

"आई तयार आहे. बहिणीची नर्सिंगची फी भरायचीय. पण किती येतील ते तूच सांग, तुला कळतं यातलं."

विदर्भ एक्सप्रेसमधलं एक वाक्य

मुंबईहून संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेस निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूर करून पुढे गोंदियाला जाते. भंडारा रोड स्टेशन त्या वाटेवर, वरठीला. गाव तिथून आणखी दहाएक किलोमीटर. रात्रभराचा प्रवास, अप्पर बर्थ, आणि मी झोपलो नाही.

कारण मी एक वाक्य घोटत होतो. आज ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. वाक्य असं होतं: "बघ, जुनं आहे, पाणी गेलेलं आहे. मिळाले तर चार-पाच हजार मिळतील." घड्याळ डीप ब्लू निघालं तर मी हे म्हणणार होतो. मग मोठेपणा दाखवून दहा देणार होतो. त्यांना आनंद, मला आनंद. कुणाला कळणार होतं? या छंदात याला 'फाइंड' म्हणतात. कुणाला तरी आजीच्या कपाटात कवडीमोलानं घड्याळ मिळालं, अशा गोष्टी आम्ही एकमेकांना टाळ्या देत सांगतो. त्या गोष्टीतल्या आजीचं पुढे काय झालं, हे कुणीच विचारत नाही.

मित्र आदल्याच दिवशी पोचला होता. वरठीला बाइक घेऊन हजर. भंडारा शहरात चहा आणि समोसे, मग रायपूरकडे जाणारा हायवे. लाखनी मागे टाकलं आणि साकोलीच्या अलीकडे आत वळलो. धान कापून झालेलं, बांध्यांमध्ये पुंजणे उभे, हवेत पेंढ्याचा वास. आणि मग पाणी. एक तलाव संपला की झाडं, झाडं संपली की दुसरा तलाव. वर बगळे, खाली शिंगाड्याची पानं.

भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात हे मी वाचलं होतं, पण वाचणं वेगळं. हे तलाव नैसर्गिक नाहीत, माणसांनी बांधलेले आहेत. गोंड राजांच्या काळापासून इथल्या कोहळी समाजानं उतार बघून मातीच्या पाळी घातल्या आणि पावसाचं पाणी अडवलं. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. सरकारी कागदात 'माजी मालगुजारी तलाव'. लोकांनी त्याचं करून टाकलं 'मामा तलाव'! १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा नवेगाव बांधसारखे मोठे तलाव तिकडे गेले. तरी उरलेलं पाणी मुंबईच्या माणसाला वेड लावायला पुरेसं आहे. तुम्हाला जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. पाहुणे पक्षी आलेले असतात आणि ऊन सोसवतं. मे महिन्यात जाऊन मग मला शिव्या देऊ नका.

या तलावांवर मासेमारी करतात ते ढिवर. मासेमारीचे हक्क सहकारी संस्थांना ठेक्यानं मिळतात. माझ्या मित्राचे बाबा अशाच एका संस्थेचा हिशोब बघायचे. घरात सगळे मासेमार, हे एकटे मॅट्रिक झालेले. म्हणून वही त्यांच्याकडे.

पितळी डबा

भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. घड्याळ बाहेर आलं तेही पितळेच्या डब्यातूनच, जुन्या रुमालात गुंडाळलेलं. काकूंनी ते माझ्या तळहातावर ठेवलं.

फिरणारं कडं नव्हतं. हे कळायला अर्धा सेकंद पुरला. साधी गोल स्टीलची केस, अंगानं बारीक. आणि धूसर फोटोतले ते दोन छोटे शब्द आता स्वच्छ दिसत होते. सी किंग.

सी किंग हे डायव्हिंग वॉच नाही. नावात समुद्र आहे, तो ऐटीपुरता. त्या काळी घड्याळात थोडंफार पाणी जात नाही हीच जाहिरातीची गोष्ट होती. हात धुताना, पावसात, ठीक. तलावात उतरायला? अजिबात नाही.

त्यात डायल रंगवलेली. अक्षरं जाडसर, मिनिटांच्या रेघा किंचित तिरक्या, सहाच्या आकड्याखाली 'स्विस मेड' असायला हवं होतं तिथे काहीच नाही. पाणी जाऊन खराब झालेली डायल खरवडून नव्यानं रंगवायची, वरून नाव छापायचं, हा आपल्याकडचा जुना उद्योग. जगभरचे कलेक्टर अशा घड्याळांना हेटाळणीनं 'मुंबई स्पेशल' म्हणतात. थाळीचं नाव वाटतं ना? त्यांच्या तोंडी ती शिवी आहे. मीही ती अनेकदा वापरलेली.

"किती येतील जी, बाबू?" काकूंनी विचारलं.

दारात मित्राची बहीण उभी होती. मित्र माझ्याकडे बघत होता.

आणि मला बोलावं लागलं. "काकू, जुनं आहे, पाणी गेलेलं आहे. मिळाले तर चार-पाच हजार मिळतील."

तेच वाक्य! शब्दही तेच, आकडाही तोच. रात्रभर खोटं म्हणून पाठ केलेलं, आणि सकाळी ते खरं निघालं. पण माझ्या तोंडून ते जसं पाठ केलं होतं तसंच आलं असावं, कारण मित्राचा चेहरा बदलला. त्यानं इंटरनेटवर बघितलं होतंच. पाण्यातली जुनी घड्याळं लाखात जातात, हे मीच तर त्याला जेवताना ऐकवलेलं. तो काही बोलला नाही. फक्त म्हणाला, "बरं."

त्या 'बरं'नं मला जेवण गेलं नाही. वांगं-झिंग्याची भाजी होती, भात होता, एरवी मी ताट पुसून खाल्लं असतं.

घडीसाज

मीच म्हटलं, इथे कुणी घड्याळवाला आहे का? माझ्यावर नको, त्याच्यावर विश्वास ठेव. साकोलीच्या बाजारात एका दुकानाच्या ओट्यावर काचेची पेटी मांडून बसणारे एक काकाजी होते. इकडे घड्याळाला घडी म्हणतात आणि यांना घडीसाज. आजकाल सेल टाकणं, पट्टे बदलणं आणि मोबाइलचे कव्हर, एवढंच काम. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, पाठ उघडली आणि हसले.

"हे त माह्याच हातची आहे ना जी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. घड्याळ मुळात काकूंच्या वडलांचं. ते तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीत कामाला होते. लेकीच्या लग्नात त्यांनी ते स्वतःच्या मनगटावरून काढून जावयाच्या हाती बांधलं. जावयानं नाव वाचलं. सी म्हणजे समुद्र एवढं इंग्रजी त्याला येत होतं. "त्याइले वाटलं, समुद्राची घडी आहे, आपल्या तऱ्याचं पानी काय करते तिले!" आणि ते घालून गडी जाळं सोडवायला तलावात उतरला. एकदा नाही, पावसाळाभर. मग एक दिवस काचेच्या आतून वाफ धरली आणि काटे थांबले.

"डायल सडून गेली होती. नागपूरले पाठवली मी, रंगवाले. मशीन मात्र एक नंबर. साफ केली, तेल दिलं, चालू झाली. मग तीस वर्षं चालली ना जी."

मित्रानं विचारलं, आज विकली तर? काकाजींनी खांदे उडवले. "हौशी माणूस भेटला त पाच हजार. नाही त तीन."

मित्रानं माझ्याकडे बघितलं. मी पेटीतल्या पट्ट्यांकडे बघितलं.

इथे गोष्ट संपली असती. पण मग मला राहवलं नाही. "काकाजी, खराब डायल पाठवली म्हणता. तीच खरवडून रंगवली का?"

"नाही. त्यानं दुसरी बसवली. जुनी वापस आली होती." काकाजींनी खालचा खण ओढला आणि बामच्या रिकाम्या डब्या उघडायला लागले. तिसऱ्या की चौथ्या डबीत, स्क्रू आणि तुटक्या काट्यांखाली, ती निघाली. मूळ डायल! कडेला गंजाचं वलय, मधे चहासारखा तपकिरी डाग, पण अक्षरं धारदार आणि तळाला 'स्विस मेड' शाबूत. आमच्या भाषेत याला पॅटिना म्हणतात आणि लोक त्यासाठी पैसे मोजतात.

या वेळी मी आधी आवाज सांभाळला नाही. सरळ सांगितलं. लाख नाहीत. पण ही डायल परत बसवली तर योग्य माणूस जास्त पैसे देईल, कदाचित दुप्पट. आणि हो, मी स्वतः घ्यायला तयार आहे.

मित्रानं आईला फोन लावला. स्पीकरवर. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दहा हजारात फी होते का?"

नाही होत.

"मंग घडी काहाले द्या? फीचं पाहू काहीतरी. आन ते डागाची नका बसवू. पोराचे बाबा घालत ते हेच. मी हेच पाहिली." थोडं थांबून, "चालू होते का ते विचार."

हिशोब एकदम चोख. लाख मिळणार असतील तर घड्याळ विकायचं, फी भरायची. मिळणार नसतील तर उगाच का हातचं घालवायचं? आम्ही शहरातले लोक 'सेंटिमेंटल व्हॅल्यू' वगैरे म्हणत बसतो. काकूंनी दोन वाक्यांत विषय संपवला. आणि ज्याला मी 'मुंबई स्पेशल' म्हणून नाक मुरडलं, तो चेहरा त्यांच्या लेखी अस्सल होता. दुसरा त्यांनी पावसाळाभर पाहिला असेल नसेल.

काकाजींनी मशीन खोललं. पेट्रोलमध्ये ब्रशनं एकेक चाक धुतलं, चिमट्यानं उचललं, सुईच्या टोकाएवढं तेल दिलं. दोन तास मी स्टुलावर बसून बघत होतो. मुंबईत याच कामाचे मी किती मोजतो ते सांगितलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं. चावी दिली, आणि टिकटिक सुरू झाली. डायल परत डबीत गेली. डबी मित्राच्या खिशात.

परतताना बाइकवर मी त्याला ट्रेनमधल्या वाक्याबद्दल सांगून टाकलं. वाऱ्यामुळे ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आणि ते डीप ब्लू असतं तर?"

"माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं मला तलावावर नेलं. धुकं इतकं की पलीकडची पाळ दिसत नव्हती. त्याचा एक काका डोंग्यात होता. रात्री टाकलेलं जाळं खाली कुठल्याशा बुंध्यात अडकलं होतं. काकानं शर्ट काढला, दोनदा श्वास घेतला आणि सरळ आत. ना टाकी, ना चष्मा. मनगटावर काळा दोरा तेवढा.

माझ्या हातात सेको होतं. खोल पाण्यासाठी बनवलेलं, फिरणाऱ्या कड्याचं. नेमकं याच क्षणासाठी ते कडं असतं. मी ते फिरवायला विसरलो.

पाण्यावरचे तरंग विरले. कुठेतरी टिटवी ओरडली. मी पाळीच्या अगदी कडेला जाऊन उभा राहिलो. मित्र मात्र निवांत, हात खिशात. मग डोंग्याच्या दुसऱ्याच बाजूला डोकं वर आलं, हातात जाळ्याचं टोक, आणि त्यात एक बऱ्यापैकी मरळ.

काकानं तोंडावरचं पाणी पुसलं आणि ओरडून विचारलं, "किती वाजले रे?"

मित्रानं बाही वर केली. सी किंगमध्ये बघून म्हणाला, "पावणेसात."

माझ्या घड्याळात सहा बावन्न झाले होते. मी काही बोललो नाही.